नूव्रो : दीड वर्ष वापरलेल्या न्यूट्रिनो सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू, कोल्हापूरहून

पहिल्यांदा निकाल सांगतो, मग बाकीचं. फिजिक्समध्ये एमएस्सी करणारं कुणी असेल, कोल्हापूर सांगली सातारा कुठलंही, आणि न्यूट्रिनोवर (चार्ज नसलेला, जवळजवळ वजनच नसलेला बारका कण) काहीतरी करायचंय पण आपल्याकडं ना ॲक्सिलरेटर ना डिटेक्टर मग करायचं कसं म्हणून अडून बसलं असेल, तर नूव्रो उतरवून घ्या. एक रुपया लागत नाही, कोड सगळा उघडा आहे. पाचपैकी साडेचार देतोय. अर्धा कुठं कापला ते खाली येईलच.

नूव्रो म्हणजे इव्हेंट जनरेटर. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ विद्यापीठात यान सोबचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसेक वर्षं खपून वाढवत आणलेलं. नावातला नू न्यूट्रिनोचा आणि व्रो त्यांच्या गावाचा. तुम्ही त्याला सांगायचं की कुठला न्यूट्रिनो, किती एनर्जीचा, आणि समोर कुठला न्यूक्लिअस, कार्बन का ऑक्सिजन का आर्गॉन का लोखंड. मग ते कॉम्प्युटरमध्ये लाख वेळा, दहा लाख वेळा, तुम्ही म्हणाल तेवढ्या वेळा तो न्यूट्रिनो त्या न्यूक्लिअसवर मारतं आणि दर वेळी आतून काय काय बाहेर पडलं ते लिहून ठेवतं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामात न्यूक्लिअर फिजिक्सचं सगळं घरदार येतं हे मला वापरायला लागल्यावर कळलं.

हे लागतंच कशाला असं मला आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं होतं (मी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबानं, शिकवतो) म्हणून इथं पण लिहितो. न्यूट्रिनो स्वतः कधीच दिसत नाही, चार्ज नाही त्याला. एक जीईव्हीच्या (एनर्जीचं माप, हजार एमईव्हीचं) आसपास एका न्यूक्लिऑनवर, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनवर, आदळायचा त्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे आदळायची शक्यता, साधारण १० चा उणे ३८ वा घात इतके चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ नाहीच. जपानमध्ये टीटूके प्रयोगात तोकाईहून बीम सोडतात आणि २९५ किलोमीटरवर कामिओकाच्या डोंगराखाली पाण्याच्या टाकीत पकडतात. अमेरिकेत नोव्हा प्रयोगाचं अंतर ८१० किलोमीटर, आणि ड्यून तयार होतोय त्याचं १३०० किलोमीटर. वाटेत न्यूट्रिनो एका जातीचा दुसऱ्या जातीचा होतो, ऑसिलेशन म्हणतात त्याला, २०१५ चं नोबेल त्यावरच दिलंय. हे बदलणं अंतर आणि एनर्जीच्या गुणोत्तरावर ठरतं. अंतर पक्कं माहितीय. एनर्जी मात्र माहीत नाही, कारण बीममध्ये सगळ्या एनर्जीचे न्यूट्रिनो मिसळलेले असतात, तर आदळल्यावर जे तुकडे दिसले त्यांच्यावरनं मागं जाऊन एनर्जी काढायची. आणि ते तुकडे न्यूक्लिअसच्या आतनं वाट काढत आलेले. म्हणून न्यूक्लिअसचं मॉडेल चुकलं की एनर्जी चुकली, एनर्जी चुकली की ऑसिलेशनचं उत्तर चुकलं. इतकं सरळ आहे.

आता इन्स्टॉलेशन. माझा लॅपटॉप सेकंडहँड, चार जीबी रॅमचा, घेतला तेव्हाच बॅटरी संपलेली होती. नूव्रोला आधी रूट लागतं, सर्न प्रयोगशाळेवाल्यांचं डेटा आणि आलेखांचं सॉफ्टवेअर, ते मी पहिल्या वेळी सोर्सपासून कंपाईल करायला घेतलं, रात्री दहाला लावलं आणि झोपलो. जुलै महिना, पंचगंगा पात्राबाहेर, पहाटे तीनला लाईट गेली आणि बॅटरी नसल्यामुळं सगळं तिथंच. दुसऱ्या रात्री परत. तुम्ही असलं करू नका, रूटचं तयार बांधलेलं पॅकेज मिळतं ते टाका आणि उबंटूवरच करा. पायथिया म्हणून टकरींचंच आणखी एक सॉफ्टवेअर आहे, त्याची जुनी सहावी आवृत्ती पण लागते, ती पण आधीच बसवून घ्या. एवढं झालं की नूव्रो स्वतः चहा उकळेपर्यंत कंपाईल होतं.

त्या दिवसांत आज्जी माझ्याच खोलीत झोपायची. स्क्रीनवर ओळी पळताना बघून म्हणाली, "कुणाचं रं हे?" म्हटलं पोलंडचं हाय आज्जी. तर उठूनच बसली, "आपल्या वळिवड्याच्या गोऱ्यांचं?" आज्जीचं माहेर उचगाव. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित, बायका आणि पोरंच जास्त, १९४३ पासनं वळिवड्याच्या कॅम्पात राहिले, आता जिथं गांधीनगरचा कापडबाजार आहे त्या बाजूला. आज्जी बारकी असताना तिच्या बाबांबरोबर कॅम्पात दूध घालायला जायची, तिथल्या एका बाईनं तिच्या केसांना रिबिन बांधलेली ते ती अजून सांगते. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मला ह्या गोष्टीचं खरंच लई अप्रूप आहे, की त्या लोकांच्या देशातल्या एका विद्यापीठानं लिहिलेला कोड आज उचगावच्या पोरीच्या नातवाला फुकटात मिळतो आणि त्यावर तो न्यूट्रिनो शिकतो. बरं, मुद्द्यावर येतो.

नूव्रोची सगळी गंमत एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे. पॅरामीटरची फाईल. तिच्यात एकेक ओळ म्हणजे एकेक स्विच. न्यूट्रिनोचा नंबर १४ टाकला की म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जातीचा न्यूट्रिनो, उणे १४ टाकला की त्याचा अँटी. प्रोटॉन ६ न्यूट्रॉन ६ म्हणजे कार्बन, १८ आणि २२ म्हणजे आर्गॉन. पुढं टकरीचे प्रकार वेगवेगळे चालू बंद करता येतात : क्वासी-इलॅस्टिक, म्हणजे न्यूट्रिनो एका न्यूट्रॉनला लागला, त्याचा प्रोटॉन झाला आणि म्यूऑन बाहेर पडला. रेझोनन्स, म्हणजे न्यूक्लिऑन फुगून डेल्टा नावाचा जड कण झाला आणि तो फुटून पायॉन नावाचा हलका कण निघाला. डीप इनइलॅस्टिक, म्हणजे थेट आतल्या क्वार्कपर्यंत मार. कोहेरंट, म्हणजे सगळ्या न्यूक्लिअसनं मिळून एकदम उत्तर दिलं. आणि पाचवा प्रकार आहे, त्याच्यावर खाली सविस्तर. माझ्यासारख्या एकट्यानं शिकणाऱ्याला हे स्विच म्हणजे सोनं आहे, कारण पुस्तकात सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि इथं एकेक बंद करून बघता येतं की आलेखातला कुठला उंचवटा कुणामुळं आलाय.

तसाच न्यूक्लिअस कसला पाहिजे त्याचा पण स्विच आहे. सगळ्यात साधा फर्मी गॅस, १९७२ सालचा स्मिथ आणि मोनिझ यांचा हिशोब. सीबीएस स्टँडवर एसटी लागली आणि सीटा पुढनं मागं ओळीनं भरत गेल्या असं समजा, तसे न्यूक्लिऑन खालच्या लेव्हलपासून भरत येतात, कार्बनमध्ये साधारण २२० एमईव्ही मोमेंटमपर्यंत, आणि तिथं एकदम बंद. धक्का बसलेल्या न्यूक्लिऑनला रिकामी सीट मिळाली तरच तो हलणार, भरलेल्या सीटवर जाता येत नाही, हेच पाऊली ब्लॉकिंग. मॉडेल सोपं आहे आणि बऱ्यापैकी चालतं पण खरा न्यूक्लिअस असा कापल्यासारखा संपत नाही. दुसरा स्विच टाकला की लोकल फर्मी गॅस, त्यात कडेला घनता कमी धरतात. आणि तिसरा स्पेक्ट्रल फंक्शन, बेनहार यांच्या गटाचा, ज्यात प्रत्येक न्यूक्लिऑन किती मोमेंटमचा आणि त्याला उपटायला किती एनर्जी लागेल हे इलेक्ट्रॉन मारून मोजलेल्या आकड्यांवरून आणि थिअरीवरून घेतलंय. मी तिन्ही एकावर एक काढले तेव्हा फर्मी गॅसची ती कापलेली कड आणि स्पेक्ट्रल फंक्शनची लांब निमुळती शेपटी शेजारी शेजारी दिसली, आणि तिथं मला पहिल्यांदा खरंच समजलं की न्यूक्लिअसमधले वीसेक टक्के न्यूक्लिऑन एकेकटे नसतात, जोडीनं असतात, बहुतेक एक प्रोटॉन एक न्यूट्रॉन, आणि ती शेपटी त्यांची आहे. वर्गात वाचलं होतं हो, पण वाचणं वेगळं.

आता तो पाचवा प्रकार, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. क्वासी-इलॅस्टिकच्या सूत्रात (ल्युएलिन स्मिथ यांचं, ते पण १९७२ चंच) न्यूट्रिनोच्या बलाचे दोन भाग येतात, व्हेक्टर आणि ॲक्सियल; व्हेक्टर भाग इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांतून मिळतो, ॲक्सियल भागाची सुरुवातीची किंमत न्यूट्रॉनच्या बीटा क्षयातून मिळते, साधारण १.२७. शिल्लक राहतो एकच आकडा, ॲक्सियल मास, म्हणजे टकरीचा जोर वाढेल तसा तो ॲक्सियल भाग किती लवकर कमी होतो ते सांगणारा. जुन्या काळी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) भरलेल्या बबल चेंबरमधनं तो १.०३ जीईव्हीच्या आसपास निघाला आणि लोक निवांत झाले. मग अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या मिनीबून प्रयोगानं २०१० मध्ये कार्बनवरचा निकाल दिला आणि त्यात तोच आकडा १.३५ आला. आता प्रोटॉन न्यूट्रॉन तेच, मग कार्बनमध्ये बसले म्हणून त्यांचा आतला आकार बदलला का? दोन आकडे खरे कसे?

उत्तर लियाँच्या गटानं, मार्टिनी, मागदा एरिक्सन वगैरेंनी, २००९ मध्येच सुचवून ठेवलेलं आणि मग २०११ मध्ये व्हॅलेन्सियाच्या निएवेस यांच्या गटानं वेगळ्या वाटेनं तिथंच आणलं. खासबागेत लाल मातीत दोन पैलवान एकमेकांना कवळ घालून उभे आहेत असं डोळ्यापुढं आणा. एकाला बाहेरनं जोरात धडक दिली तर तो एकटा नाही जाणार, जोड सुटत नाही, दोघं मिळून रिंगणाबाहेर जातील. तसंच न्यूक्लिअसमध्ये दोन न्यूक्लिऑन मेसॉनची (पायॉनसारख्या कणांची) देवाणघेवाण करत गुंतलेले असतात, न्यूट्रिनो त्या जोडीला लागतो आणि दोघं एकदम बाहेर पडतात. ह्याला टूपी-टूएच म्हणतात. मिनीबून म्हणजे खनिज तेलाची टाकी, तिला म्यूऑन दिसायचा, पायॉन आहे का नाही ते कळायचं, पण खाली एक प्रोटॉन सुटला का दोन हे दिसायचं नाही. म्हणून ह्या जोडीच्या टकरी पण साध्या क्वासी-इलॅस्टिकमध्येच मोजल्या गेल्या, आकडा वाढलेला दिसला, आणि तो वाढावा सूत्रात बसवायला ॲक्सियल मास फुगवावा लागला.

हे मी स्वतः करून बघितलं आणि ते तुम्ही पण करा, एका संध्याकाळचं काम आहे. तीन रन. पहिला, ॲक्सियल मास १०३०, फाईलमध्ये एमईव्हीत टाकायचा, आणि टूपी-टूएचचा स्विच बंद. दुसरा, १३५० आणि स्विच बंद. तिसरा, परत १०३० पण स्विच चालू. पहिला आलेख खाली राहतो, दुसरा वर जातो, आणि तिसरा पण वर जातो. दुसरा आणि तिसरा जवळ येताना बघून मी खोलीत एकटाच "नाद खुळा!" म्हणून ओरडलो, आज्जी दचकून उठली. कारण एकच मोजमाप, दोन वेगळ्या गोष्टी, आणि चुकीचीसुद्धा बसतेय! नुसता आलेख डेटावर बसला म्हणून मॉडेल खरं असं म्हणता येत नाही हे मी दहा वर्षं पाठ केलं असेल, त्या संध्याकाळी पटलं.

दुसरी गोष्ट जी जवळनं दाखवायचीय ती एक इव्हेंट. नूव्रो प्रत्येक इव्हेंटच्या दोन याद्या ठेवतं, आउट म्हणजे टकरीच्या जागी काय तयार झालं, आणि पोस्ट म्हणजे न्यूक्लिअसच्या बाहेर काय आलं. एक जीईव्हीच्या रनमधला माझा एक इव्हेंट वहीत उतरवून ठेवलाय. आउटमध्ये १३, २२१२, २११, म्हणजे म्यूऑन, प्रोटॉन आणि पॉझिटिव्ह पायॉन. सरळ सरळ रेझोनन्स. पोस्टमध्ये बघतोय तर १३, २२१२, २२१२, २२१२. पायॉन गायब आणि तीन प्रोटॉन. मला वाटलं फाईल बिघडली. मग कागदावर चार्ज मोजला तर बरोबर जुळतोय, पायॉननं बाहेर पडता पडता एका प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीत स्वतःला संपवलं आणि त्या जोडीचे दोन प्रोटॉन होऊन बाहेर आले. आता हा इव्हेंट पाण्याच्या टाकीत झाला असता तर? पाण्यात चार्ज असलेला कण जोरात गेला की उजेड पडतो आणि त्यावरनंच तो दिसतो, पण प्रोटॉनचा उजेड पडायला त्याचा मोमेंटम साधारण १०७० एमईव्हीच्या वर लागतो, हे तिघं त्याच्या लई खाली. दिसणार फक्त म्यूऑन. म्हणजे रेझोनन्सचा इव्हेंट क्वासी-इलॅस्टिकचा वेष घालून पुढं उभा, आणि टाकीजवळ बसलेल्या माणसाला फसवायला आणखी काही लागत नाही.

हे बाहेर पडतानाचं जे होतं त्याला फायनल स्टेट इंटरॅक्शन म्हणतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातनं महाद्वाराकडं बाहेर पडून बघितलंय ना, गर्दीत कुणाला धक्के बसून वेग कमी होतो, कुणी उलटं फिरतं, कुणाची चप्पल बदलते, कुणी आतच अडकून राहतं. पायॉनचं तेच, वेग कमी होतो, दिशा बदलते, पॉझिटिव्हचा न्यूट्रल होतो, नाहीतर जिरतो. नूव्रो हे पायरी पायरीनं करतं, प्रत्येक पायरी ०.२ फर्मीपर्यंत (फर्मी म्हणजे न्यूक्लिअस मोजायचं बारकं माप), आणि दर पायरीला फासा टाकून ठरवतं की इथं धक्का बसला का नाही. ह्या भागाच्या स्विचचं नाव पोलिशमध्येच ठेवलंय, कास्काडा. बंद करून एकदा आणि चालू करून एकदा पायॉनचे आलेख काढा, न्यूक्लिअस किती खातो ते लगेच दिसतं. आर्गॉनमध्ये कार्बनपेक्षा जास्त खातो, साहजिकच, गर्दी मोठी.

माझ्याकडं बीएस्सीची दोन पोरं प्रोजेक्टला होती, त्यांच्याकडनं मी एवढंच करून घेतलं : सगळे न्यूट्रिनो बरोब्बर ६०० एमईव्हीचे मारायचे (टीटूकेच्या बीमचं शिखर तिथंच आहे), आणि मग आपल्याला एनर्जी माहीतच नाही असं समजून फक्त म्यूऑनची एनर्जी आणि कोन वापरून ती परत काढायची, न्यूट्रॉन स्थिर होता आणि एकच प्रोटॉन निघाला असं धरून. क्वासी-इलॅस्टिकवाले ६०० च्या आसपास जमले, थोडे पसरट, कारण न्यूट्रॉन आत हलत असतो. टूपी-टूएचवाले मात्र डावीकडं घसरले, खरी एनर्जी ६०० आणि हिशोबात कमी. त्यातली एक पोरगी बराच वेळ आलेखाकडं बघत बसली आणि म्हणाली, "सर, मग जपानमध्ये जिथं न्यूट्रिनो कमी दिसायला पाहिजेत तिथं हे वरचे घसरून येऊन खड्डा भरतील की." अगदी तेच. ऑसिलेशनचा खड्डा किती खोल ह्यावरच पुढचं सगळं अवलंबून, आणि खड्ड्यात दुसरीकडची माती पडतेय. तिला मी काही सांगितलं नव्हतं, आलेखानं सांगितलं.

आता अर्धा मार्क. तो नूव्रो लिहिणाऱ्यांवर नाही, सगळ्याच जनरेटरांना लागू आहे, पण नवीन माणसाला माहिती पाहिजे. सुरुवातीचं गृहीत असं की न्यूट्रिनो एका वेळी एकाच न्यूक्लिऑनला लागतो आणि बाकीचे बघत बसतात. मोमेंटम ट्रान्सफर, म्हणजे टकरीत न्यूट्रिनोनं दिलेला मोमेंटम, चांगला मोठा असेल तर ठीक, पण साधारण ४०० एमईव्हीच्या खाली आला की न्यूट्रिनोला एकेक न्यूक्लिऑन वेगळा दिसतच नाही, मग गृहीत डळमळतं आणि दुरुस्त्या लावाव्या लागतात. दुसरं, टूपी-टूएचचं व्हॅलेन्सिया मॉडेल म्यूऑन कुठं जाईल ते नीट सांगतं पण बाहेर पडलेल्या दोन न्यूक्लिऑनांनी एनर्जी कशी वाटून घेतली ते सांगत नाही, ते जनरेटरला अंदाजानं वाटून द्यावं लागतं. म्हणून प्रोटॉनचे आलेख काढाल तेव्हा म्यूऑनएवढा विश्वास ठेवू नका. तिसरं, कास्काडा क्लासिकल आहे, गोट्या गोट्यांवर आपटाव्या तसं, आणि खरा न्यूक्लिअस क्वांटम. चालतं, पण किती चालतं हे प्रत्येक वेळी डेटाशी ताडून बघावं लागतं. ड्यूनमुळं आर्गॉनची गरज पडली तेव्हा अमेरिकेत जेफरसन लॅबमध्ये आर्गॉनवर इलेक्ट्रॉन मारून मोजलं, आणि सोबत टायटॅनियमवर पण, कारण आर्गॉनमध्ये न्यूट्रॉन २२ आणि टायटॅनियममध्ये प्रोटॉन २२, म्हणजे न्यूट्रॉनचा अंदाज प्रोटॉनवरून घेता येतो. असली डोकी चालवून हे मॉडेल पुढं सरकतंय, घरात बसून नाही.

दुसरी सॉफ्टवेअरं पण आहेत. जिनी फर्मीलॅबच्या प्रयोगांत चालतं, मोठं आहे, त्यात क्रॉस सेक्शनचे स्प्लाईन (एनर्जीप्रमाणे काढलेले तक्ते) आधी तयार ठेवावे लागतात. नूव्रो आधी थोडे टेस्ट इव्हेंट टाकून क्रॉस सेक्शन तिथल्या तिथं काढतं, म्हणून पॅरामीटर बदलून परत परत बघायला मला हेच सोयीचं पडलं. जर्मनीतल्या गीसेनचं गिबू न्यूक्लिअसमधनं बाहेर पडण्याचा भाग जास्त खोलात करतं, पण ते पहिल्यांदाच घेऊ नका. आधी नूव्रोवर हात बसू द्या.

आणि एक, पॅरामीटरची फाईल दर रनला नवीन नावानं, तारीख टाकून सेव्ह करा, आणि कुठला स्विच चालू होता ते वहीत हातानं लिहा. माझे एप्रिलमधले सहा आलेख आहेत, सुरेख आलेत, पण त्यात कास्काडा चालू होता का बंद ते आता मला सांगता येत नाही, म्हणून ह्या रविवारी ते सहाच्या सहा परत चालवायला लावणार आहे. कुणाला बघायला यायचं असेल तर या, फुलेवाडीत आहे, आज्जी पण आहे, वळिवड्याचं तिच्याकडनंच ऐका.